विश्लेषण : लिलावात नाव लागले, आता कॉलेजचे काय?

सोलापूरचा अर्शीन कुलकर्णी आयपीएलच्या लिलावात विकला गेला तेव्हा १८ वर्षांचा होता. माळशिरस तालुक्यातील वेळापूरचा रामजी कश्यप अल्टिमेट खो-खो लीगमधून घराघरांत पोहोचला. त्यांच्याकडे पाहून जिल्ह्यातील अनेक घरांत आज एकच चर्चा आहे : पोराने कॉलेज करावे की खेळालाच पूर्ण वेळ द्यावा? खेळासाठी कॉलेज सोडण्यात गैर काहीच नाही. मात्र ते कसे सोडले, यावर पुढची अनेक वर्षे ठरतात. तिकडे ना घरचे लक्ष देतात, ना कॉलेज, ना संघमालक.

हा प्रश्न आताच का उभा राहिला?

एकेकाळी खेळाडूसाठी कॉलेज हीच शिडी होती. सोलापुरात १९२६ साली जन्मलेले पॉली उम्रीगर मुंबई विद्यापीठाकडून खेळले. १९४८ मध्ये भारतात आलेल्या वेस्ट इंडिजविरुद्ध त्यांनी संयुक्त विद्यापीठ संघाकडून नाबाद ११५ धावा काढल्या आणि त्याच दौऱ्यात त्यांना कसोटी संघात स्थान मिळाले. पुढे ते ५९ कसोटी खेळले. कसोटीतील भारताचे पहिले द्विशतकही त्यांचेच. निवड समितीच्या नजरेत यायचे तर विद्यापीठाचा संघ गाठावा लागे, असा तो काळ.

आताची वाट वेगळी आहे. जून २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये ईगल नाशिक टायटन्सकडून खेळताना अर्शीनने पुणेरी बाप्पा संघाविरुद्ध ५४ चेंडूंत ११७ धावा केल्या, त्यात १३ षटकार होते. त्याच सामन्यात त्याने चार बळी घेतले आणि संघ एका धावेने जिंकला. डिसेंबर २०२३ मध्ये लखनऊ सुपर जायंट्सने त्याला २० लाखांत घेतले. जानेवारी २०२४ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषकात त्याने अमेरिकेविरुद्ध १०८ धावा केल्या. या पायऱ्यांमध्ये कॉलेजच्या संघाची पायरी कुठेच नाही. अर्शीनच्या शिक्षणाचे काय, हा त्याच्या घरचा विषय आहे. इथे मुद्दा त्याच्यासारखे व्हायचे म्हणून रोज पहाटे पार्क मैदानावर येणाऱ्या शेकडो मुलांचा आहे.

अकरावीत नाव घालायचे, वर्गात पाऊल टाकायचे नाही, सकाळ-संध्याकाळ सराव करायचा आणि परीक्षेच्या तोंडावर हजेरीसाठी धावपळ करायची, हे आता नवे राहिलेले नाही. त्याला कुणी 'कॉलेज सोडणे' म्हणत नाही, पण ते तेच असते.

अमेरिकेत हा वाद कसा मिटला?

या प्रश्नावर सर्वांत जास्त डोकेफोड झाली ती अमेरिकेतील बास्केटबॉलमध्ये. तिथे एनबीए या व्यावसायिक लीगचा जुना नियम होता की शाळा संपल्यावर चार वर्षे झाल्याशिवाय खेळाडूला घ्यायचे नाही. स्पेन्सर हेवूड या खेळाडूने त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर कॉलेज अर्धवट सोडून एनबीएत जाण्याचा रस्ता खुला झाला. १९९५ मध्ये केव्हिन गार्नेट, १९९६ मध्ये कोबी ब्रायंट आणि २००३ मध्ये लेब्रॉन जेम्स तर कॉलेजची पायरी न चढता थेट शाळेतून तिथे गेले.

२००५ मध्ये लीग आणि खेळाडूंच्या संघटनेत करार झाला. खेळाडूचे वय किमान १९ हवे आणि अमेरिकन मुलाची शाळा संपून एक वर्ष झालेले हवे, असे ठरले. परिणाम असा झाला की गुणी मुले एकच वर्ष कॉलेजात काढू लागली आणि वर्ष संपताच निघून जाऊ लागली. नियमाने मुले वर्गात बसली नाहीत, फक्त एक वर्ष थांबली.

खरा बदल झाला तो कॉलेजांनी हात सैल केल्यावर. जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर जाहिरातींतून पैसे कमावण्याची मुभा मिळाली. २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजेही आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी एका कॉलेजला सर्व खेळ मिळून २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची मर्यादा आहे. मुदतीआधी एनबीएच्या निवडीसाठी नाव देणाऱ्यांची संख्या २०२१ मध्ये साडेतीनशेच्या वर होती. २०२५ मध्ये ती शंभराच्या आसपास आली.

आणखी एक सोय तिथे आहे, ती आपल्या जास्त उपयोगाची. कॉलेज खेळाडू निवडीसाठी नाव देऊ शकतो, संघांसमोर चाचणी देऊ शकतो, आपली किंमत किती लागेल याचा अंदाज घेऊ शकतो आणि ठरलेल्या मुदतीत नाव मागे घेऊन पुन्हा कॉलेजकडून खेळू शकतो. पुढे जाऊन पाहायचे, पण मागचे दार उघडे ठेवायचे, अशी ही व्यवस्था आहे.

आपल्याकडे हे दार आहे का?

आपल्याकडे नियम आहेत ते खेळापुरते. सप्टेंबर २०२५ मध्ये बीसीसीआयने ठरवले की १६ आणि १९ वर्षांखालील खेळाडूला आयपीएलमध्ये येण्यासाठी किमान एक प्रथम श्रेणी सामना खेळलेला असावा. घाई नको, हा त्यामागचा हेतू चांगला आहे. पण १३व्या वर्षी १ कोटी १० लाखांना लिलावात गेलेल्या वैभव सूर्यवंशीसारख्या मुलाच्या शाळेचे काय, याबद्दल त्या नियमात काही नाही. शिक्षण हा लीगचा विषय नाही आणि खेळ हा कॉलेजचा विषय नाही, असा आपला कारभार आहे.

कॉलेजच्या बाजूने पाहिले तर साधारण ७५ टक्के हजेरीची अट आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धेत नियमित विद्यार्थ्यालाच खेळता येते. खेळाडू विद्यार्थ्याला सवलत द्यायची की नाही, हे बऱ्याचदा त्या-त्या प्राचार्यांच्या आणि क्रीडा संचालकांच्या मनावर असते. आंतरविद्यापीठ पदक आणणाऱ्या मुलाचा फलक गेटवर लागतो. तोच मुलगा लीगच्या शिबिरासाठी दोन महिने गेला तर त्याचे नाव गैरहजरांच्या यादीत लागते.

लीगचा पैसा किती आणि किती दिवस?

लिलावाची बातमी आली की घरचे पहिला हिशेब मांडतात तो रकमेचा. तो मांडायलाच हवा, पण पूर्ण मांडावा.

आयपीएलमध्ये १० संघ आहेत आणि एका संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू. परदेशी खेळाडूंच्या जागा वगळल्या तर संपूर्ण देशासाठी दोनशेच्याही आत जागा उरतात. त्या मिळाल्या तरी मैदानात उतरायला मिळेलच असे नाही. अर्शीन २०२४ च्या पहिल्या मोसमात दोन सामने खेळला, त्यातल्या पहिल्यात तो पहिल्याच चेंडूवर बाद झाला. लखनऊने पुढच्या लिलावात त्याला पुन्हा ३० लाखांत घेतले, हे त्याच्या गुणांचे श्रेय. सगळ्यांनाच दुसरी संधी मिळते असे नाही.

राज्याच्या लीगचा आकडा आणखी बोलका आहे. महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या २०२३ मधील पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली नौशाद शेखवर लागली, ती ६ लाखांची. सर्वांत महागड्या खेळाडूची ही गत, तर तळाच्या खेळाडूच्या हाती काय पडत असेल, याचा अंदाज करता येतो.

खो-खोत तर प्रश्न रकमेच्याही आधी तारखांचा आहे. अल्टिमेट खो-खोचा पहिला मोसम ऑगस्ट-सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्यातील बालेवाडीत झाला. दुसरा डिसेंबर २०२३ च्या अखेरीस कटकमध्ये सुरू झाला. मध्ये पंधरा महिन्यांहून जास्त काळ गेला. दुसरा मोसम १३ जानेवारी २०२४ रोजी संपला आणि त्यानंतरचे २०२४ हे वर्ष लीगविनाच गेले. ज्याने लीगच्या भरवशावर वर्ग सोडला असेल, त्याने त्या महिन्यांत काय करायचे? रामजी कश्यप जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. पण संघात जागा पंधराच असतात. त्याच्याबरोबर मातीत धावलेले बाकीचे पाच-पन्नास जण कुठल्याही यादीत नसतात.

बास्केटबॉलचा अनुभवही हेच सांगतो. पंजाबचा सतनामसिंग भामरा १४व्या वर्षी अमेरिकेतील क्रीडा अकादमीत गेला आणि २०१५ मध्ये एनबीएच्या निवडीत ५२व्या क्रमांकावर घेतला गेलेला पहिला भारतीय ठरला. एनबीएचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. त्याच २०१५ मध्ये भारतात सुरू झालेली यूबीए ही बास्केटबॉल लीग २०१७ नंतर थांबली. खेळाडू चांगला असला तरी लीग टिकेल याची हमी कुणी देत नाही.

खेळाडू कोट्यालाही मार्कशीट लागते

'खेळात नाव झाले की सरकारी नोकरी मिळेलच' हा आपल्याकडचा मोठा दिलासा. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, हे खरे. पण अनेकांना ऐन वेळी कळते ती गोष्ट अशी : हे आरक्षण जागेसाठी असते, शिक्षणाच्या अटीसाठी नसते.

पोलीस शिपाई व्हायचे तर बारावी पास हवे. तलाठी किंवा पोलीस उपनिरीक्षक व्हायचे तर पदवी हवी. राष्ट्रीय पदक असले तरी पदवी नसेल, तर पदवीची अट असलेल्या पदाचा अर्जच भरता येत नाही. शिवाय आरक्षणासाठी ठरवून दिलेल्या अधिकृत स्पर्धांतील कामगिरीच धरली जाते आणि क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. लीगमध्ये टीव्हीवर दिसलेला खेळ या फायलीत येत नाही.

म्हणजे खेळासाठी कॉलेज सोडलेला मुलगा २८व्या वर्षी खेळाच्याच कोट्यातून नोकरी मागायला जातो आणि कॉलेज सोडल्यामुळे मागे परततो. ज्या खेळासाठी त्याने शिक्षण सोडले, त्या खेळाचा मोबदला घ्यायलाही शिक्षणच लागते. ही कोंडी आधी सांगणारे त्याला कुणी भेटलेले नसते.

कॉलेज 'बंद करणे' आणि 'रीतसर बाहेर पडणे'

इथे एक फरक समजून घेतला तर बरेच नुकसान टळते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमातून मध्येच बाहेर पडता येते आणि परतही येता येते. ठरलेले श्रेयांक पूर्ण केले तर पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर पदविका आणि तिसऱ्या वर्षानंतर पदवी मिळते. यूजीसीच्या आराखड्यानुसार बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत परत प्रवेश घेता येतो आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. मिळवलेले श्रेयांक 'अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' या ऑनलाइन खात्यात जमा राहतात.

ही तरतूद खेळाडूंसाठी म्हणून केलेली नाही, पण तिचा सर्वांत जास्त उपयोग त्यांनाच आहे. १९व्या वर्षी पहिले वर्ष पूर्ण करून बाहेर पडायचे, दोन-तीन मोसम जीव तोडून खेळायचे, जमले तर पुढे जायचे, नाही जमले तर २२व्या वर्षी दुसऱ्या वर्षात येऊन बसायचे. यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

अडचण अशी की आपली मुले रीतसर बाहेर पडत नाहीत. ती एक दिवस जायची थांबतात. परीक्षा बुडते, विषय राहतात, खात्यात श्रेयांक जमा होत नाहीत आणि तीन वर्षांनी परत आल्यावर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. कॉलेज बंद करणे आणि कॉलेजमधून बाहेर पडणे यात एका वर्षाच्या परीक्षेचा आणि एका अर्जाचा फरक आहे. तो सांगायचे काम कॉलेजच्या कार्यालयाचे आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने खेळाडूंसाठी एक पानी माहितीपत्रक काढून ते प्रत्येक क्रीडा विभागाच्या भिंतीवर लावले, तरी बरेच काम होईल.

बारावीच्या आधीच सुटले तर?

जास्त धोका इथे आहे, कारण श्रेयांकांची ही सोय पदवीपासून पुढे आहे. सोळाव्या-सतराव्या वर्षी अकरावी-बारावी सुटली तर त्या मुलाच्या हाती फक्त दहावीची मार्कशीट उरते.

तरीही वाटा आहेत. राज्य मंडळाच्या १७ नंबर फॉर्मवर खासगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीची परीक्षा देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था म्हणजे एनआयओएस हा दुसरा मार्ग. पुढे पदवीसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते, हे यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. 'बाहेरून केलेल्या डिग्रीला किंमत नाही' हा समज आता सोडून द्यायला हवा.

एक सल्ला मात्र ठामपणे द्यावासा वाटतो. बारावी सोडू नका. पदवी पुढे ढकलता येते. बारावी पुढे ढकलली की ती सहसा राहूनच जाते.

'डिग्री करून तरी कुठे नोकरी आहे?'

हा प्रश्न सोलापुरात कुणीही विचारेल आणि तो खोटा नाही. इंजिनीअर झालेली मुले पुण्याची गाडी धरतात, पदवीधर मिळेल त्या पगारावर राबतात. अशा वेळी १८ वर्षांच्या गुणी मुलाला 'आधी डिग्री कर' म्हणणे म्हणजे त्याच्या आयुष्यातली एकमेव मोठी संधी हुकवणे ठरू शकते. शरीराचे सर्वोत्तम दिवस मोजकेच असतात, पुस्तक तिशीतही उघडता येते. हा युक्तिवाद बरोबर आहे. म्हणूनच मुलाला अडवा, असे इथे म्हणायचे नाही.

पण लवकर सोडले तरच खेळात पुढे जाता येते, हेही खरे नाही. सोलापूर जिल्ह्यातील मिरे गावची किरण नवगिरे आधी भालाफेक, गोळाफेक अशा मैदानी खेळांत होती आणि विद्यापीठ पातळीवर खेळली. क्रिकेटमध्ये ती उशिरा आली. २०२२ मध्ये नागालँडकडून खेळताना तिने टी-२० सामन्यात नाबाद १६२ धावा केल्या. त्याच वर्षी ती भारताकडून खेळली. २०२३ च्या पहिल्या महिला प्रीमियर लीगसाठी यूपी वॉरियर्झने तिला ३० लाखांत घेतले, तेव्हा ती २८ वर्षांची होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध तिने ३४ चेंडूंत शतक ठोकले. महिलांच्या टी-२० क्रिकेटमधील ते सर्वांत वेगवान शतक ठरले, आणि ते ३१व्या वर्षी आले. प्रत्येकाची वाट अशी असेल असे नाही. पण अठराव्या वर्षी लिलावात नाव नाही लागले म्हणजे सगळे संपले, असे मानणाऱ्या घरांनी हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे.

आणखी एक गोष्ट उघडपणे बोलायला हवी. डॉक्टर, शिक्षक, व्यापारी यांच्या घरातला मुलगा खेळात नाही जमला तर दोन वर्षांनी परत अभ्यासाला बसू शकतो. यंत्रमाग कामगाराच्या किंवा शेतमजुराच्या घरात ती दोन वर्षे कुठून आणायची? लिलावाची जोखीम सगळ्यांना सारखी दिसते, पण नुकसान सोसण्याची ताकद सारखी नसते. म्हणून परतीची सोय घराच्या ऐपतीवर सोडून चालणार नाही, ती नियमात असायला हवी.

मग कुणी काय करायचे?

पहिली जबाबदारी लीग आणि संघमालकांची. कॅनडात तरुणांच्या आइस हॉकी लीगमध्ये साधा नियम आहे : खेळाडू जितके मोसम खेळेल, तितक्या वर्षांची कॉलेज फी आणि पुस्तकांचा खर्च त्याला मिळतो. अमेरिकेत शाळेतून थेट बेसबॉलमध्ये घेतलेल्या खेळाडूच्या करारात पुढच्या कॉलेज शिक्षणाच्या खर्चाची तरतूद असू शकते. राज्यातील लीगनी २१ वर्षांखालील प्रत्येक खेळाडूच्या करारात 'एक मोसम, एक वर्षाची फी' हे कलम घालायला काय हरकत आहे? आपल्याकडे कॉलेजची फी लीगच्या जाहिरातीच्या खर्चापुढे काहीच नाही. राज्य क्रीडा खात्याने आणि क्रिकेट संघटनेने हे कलम लीगला परवानगी देतानाच अटीत घालावे.

दुसरी जबाबदारी विद्यापीठ आणि कॉलेजांची. मान्यताप्राप्त स्पर्धा आणि शिबिरांचे दिवस हजेरीत धरावेत. सामन्यामुळे बुडालेली परीक्षा पुन्हा घ्यावी, त्यासाठी दरवेळी अर्ज-विनंत्या नकोत. आणि बाहेर पडणाऱ्या खेळाडूला परत कधी, कसे येता येईल, हे लेखी द्यावे.

तिसरी जबाबदारी प्रशिक्षकांची. मुलाची किंमत वाढली की अकादमीचे नाव वाढते, त्यामुळे 'शाळा बघू नंतर' म्हणणे सोपे असते. पण घरचे सर्वांत जास्त ऐकतात ते सरांचेच. सरांनी बारावीच्या परीक्षेचे दोन महिने सराव अर्धा केला, तर कुणाचा खेळ बुडत नाही.

सही करण्याआधी एवढे विचारा

मुलाच्या किंवा मुलीच्या समोर कराराचा कागद आला, तर आनंदाच्या भरात सही करू नका. करार किती मोसमांचा आहे? संघात असूनही खेळवले नाही तर पूर्ण रक्कम मिळते का? दुखापत झाली तर उपचाराचा आणि शस्त्रक्रियेचा खर्च कोण करणार आणि किती काळ? लीग झालीच नाही तर काय? ही उत्तरे तोंडी नकोत, कागदावर हवीत. ओळखीच्या वकिलाकडून कागद वाचून घ्यायला एक संध्याकाळ पुरते.

त्याच आठवड्यात कॉलेजात जाऊन दुसरी चौकशी करा. या वर्षीचे श्रेयांक खात्यात जमा झाले का, राहिलेले विषय किती, बाहेर पडायचा अर्ज कुठे द्यायचा आणि परत यायची शेवटची तारीख कोणती. अर्जाची पोच घ्या आणि कराराच्या प्रतीबरोबर त्याच फायलीत लावा. मग मुलाला बिनघोर खेळायला पाठवा.